कलापूरची चित्रं आणि ओगलेवाडीची काच

बाहेरच्या फलकावर 'समकालीन चित्रप्रदर्शने आणि पारंपरिक काचकला' असं लिहिलं आहे. इतका जड मथळा आम्ही दिला नव्हता, पण असू द्या. आम्हाला बोलायचं आहे ते एका साध्या गोष्टीवर. कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो. का म्हणतो? तर तिथे चित्रकार झाले. त्यांची नावं आपल्याला सांगता येतात, निदान यायला हवीत: आबालाल रहिमान, आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी. त्याच कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी, जमिनीखालून काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, थोडेथोडके नव्हे. आणि तिथून दोन तासांच्या वाटेवर, कराडच्या शेजारी, ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. त्या बांगड्या करणाऱ्या एकाचं, त्या कारखान्यात फुंकनळी धरणाऱ्या एकाचं नाव इथे बसलेल्या कुणाला येतं का? नाही येत. आम्हालाही येत नाही. आता हे 'काळाच्या ओघात झालं' म्हणून सोडून देता येतं. पण कला कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, याचा निवाडा नेमका तिथेच झालेला आहे, आणि आपण सगळे तो निमूटपणे पाळतो. समीक्षक मंडळी तर सगळ्यात जास्त.

कुणी म्हणेल, यवतमाळात बसून कोल्हापूरच्या चौकशा कशाला? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तर फोनवर सरळ विचारलं, "सर, काहून इतक्या लांब जाता?" तर लांब जायचं कारण असं की आपल्या जिल्ह्यात चित्र येतं ते बहुधा छापून येतं, मोबाइलवर येतं किंवा काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं येतं. कलेचं गाव म्हणून नाव कमावलेल्या ठिकाणी काय होतं ते पाहिलं, की आपल्याकडे काय होत नाही ते कळतं.

कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तुम्ही अंबाबाईला गेला असाल तर त्याच्या जवळून गेला असाल. त्या एकाच इमारतीत दोन गोष्टी आहेत. एक, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेल्या वस्तू. दुसरी, कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं. ब्रह्मपुरीला १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच्या आधीच तिथे रोमन बनावटीची ब्राँझची भांडी आणि पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी मूर्ती मिळाली होती. ती मूर्ती इतकी गाजली की ब्रह्मपुरी म्हटलं की लोक तेवढंच सांगतात. पण त्या टेकडीच्या सातवाहन काळातल्या थरांत काचेचे मणी होते, आणि वरच्या, बहमनी काळातल्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. एकरंगी होते तसे बहुरंगीही होते, एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची काच बसवलेले.

दीक्षितांबद्दल दोन वाक्यं बोललंच पाहिजे, कारण ते आपल्याकडेही येऊन गेले आहेत. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूरला उत्खनन केलं. तेच कौंडिण्यपूर, जे आपण रुक्मिणीचं माहेर म्हणतो. आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठानं त्यांचा 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' हा ग्रंथ काढला. मणी आणि बांगड्या, म्हणजे ज्या वस्तूंकडे राजवंशाच्या इतिहासकारानं ढुंकूनही पाहिलं नसतं, त्या मोजून, तपासून, त्यांची प्रतवारी लावून या माणसानं एका देशाच्या काचेचा इतिहास लिहिला. मराठी कलासमीक्षेत त्यांचं नाव तुम्हाला क्वचित सापडेल. तिथे ते 'पुरातत्त्ववाले'. म्हणजे काचेला ज्या खोलीत ठेवलं, त्याच खोलीत काचेवर लिहिणाऱ्यालाही ठेवून दिलं.

टाउन हॉलच्या बागेतच 'रंगबहार' ही संस्था 'मैफल रंगसुरांची' भरवते. चित्रकार झाडाखाली बसून लोकांसमोर चित्र काढतात, शिल्पकार माती थापतात, बाजूला गाणं चालू असतं. कोल्हापूरचा माणूस सहकुटुंब येतो, उभा राहून बघतो. आम्हाला या उपक्रमाचं मोल फार वाटतं. कारण मुंबईच्या जहांगीरमध्ये तुम्हाला चित्र दिसतं, हात दिसत नाही. इथे हात दिसतो. कागद ओला कसा केला, कुठला रंग आधी पडला, कुठे चुकून ओघळ आला आणि त्या ओघळाचंच झाड कसं झालं, हे सगळं लोकांच्या देखत होतं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर प्रवासी काचेच्या भट्टीसमोर असेच उभे राहतात. लाल गोळा नळीच्या टोकाला फुगतो, कारागीर चिमट्यानं ओढतो, आणि घोड्याची मान तयार होते.

पण मुरानोचा प्रवासी घोडा बघून काय म्हणतो? 'काय हात आहे!' आणि टाउन हॉलच्या बागेत? तिथेही 'काय हात आहे!' कोल्हापूरच्या जलरंगाबद्दल आमची तक्रार इथून सुरू होते. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरणारी प्रदर्शनं घ्या किंवा कोल्हापूरच्या मंडळींनी पुण्या-मुंबईत भरवलेली घ्या. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याची संध्याकाळ, गुऱ्हाळाचा धूर, जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, पावसातला रस्ता आणि त्यावर छत्री घेतलेला एक माणूस. हात अप्रतिम. त्यात वाद नाही. पण तोच घाट, तोच धूर, तोच छत्रीवाला! चौकटीतला प्रत्येक दगड ओला आणि चकचकीत, आणि त्या दगडाला विचारण्यासारखा एकही प्रश्न चित्रकाराकडे नाही. घाटावर आज काय चाललं आहे, नदीचं पाणी कसं झालं आहे, २०१९ च्या महापुरात हाच घाट कुठे गेला होता, यातलं काही त्या संध्याकाळच्या सोनेरी उजेडात दिसत नाही. विकत घेणाऱ्याला आठवण हवी असते आणि चित्रकार आठवण पुरवतो. आता यात आणि काचेचा घोडा विकण्यात फरक काय? असला तर एवढाच की घोडेवाला आपल्याला कलावंत म्हणवून घेत नाही, निदान बाजारात तरी नाही.

हे कडक झालं, आम्हाला कल्पना आहे. पण जलरंगाची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना काचच उपयोगी पडते. जलरंगात उजेड रंगवता येत नाही. उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, तो राखावा लागतो. आधी ठरवायचं की इथे ऊन आहे, आणि मग तिथे ब्रश लावायचाच नाही. आता काचेवरच्या उलट्या चित्राचं तंत्र बघा. पेशवाईच्या अखेरीस आणि पुढच्या शतकात काचेच्या मागच्या बाजूनं काढलेली चित्रं आपल्याकडच्या वाड्यांतून, दरबारांतून असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. सुरुवातीला ती चीनहून आली, चिनी चित्रकारांनी पश्चिम हिंदुस्थानातही काढली, मग इथल्यांनी ती विद्या उचलली. त्यात सगळा क्रम उलटा. साध्या चित्रात जे शेवटी येतं ते इथे पहिलं: डोळ्यातला ठिपका, नथीच्या मोत्याची चमक, भुवईची रेघ. मग कातडीचा रंग, मग साडी, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागची भिंत. डावं-उजवंही फिरवून काढायचं. एकदा अंगाचा रंग चढला की डोळ्यातला ठिपका दुरुस्त करता येत नाही, तो कायमचा खाली गेला. चित्रकाराला पूर्ण चित्र आधीच मनात पाहावं लागतं, तेही आरशात पाहिल्यासारखं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं तेव्हा कांटवर कित्येक वर्षं बोललो. १७९० च्या त्याच्या ग्रंथात तो कला आणि कारागिरी वेगळी काढतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की कला मोकळी असते, खेळासारखी, करण्यातच आनंद असलेली. कारागिरी मजुरीसाठी असते, कष्टाची असते आणि मजुरी नसती तर कुणी केली नसती. वर्गात हे ऐकायला बरं वाटतं. पण तिथेच तो एक अडचण मांडून ठेवतो, आणि ती बहुतेक जण वगळून पुढे जातात: घड्याळजीला कलावंत म्हणायचं आणि लोहाराला कारागीर, हे कशावरून ठरवायचं? म्हणजे रेघ मारणाऱ्यालाच रेघ कुठे मारायची ते नीट ठाऊक नव्हतं. काचेवर उलटं चित्र काढणारा यांतला कोण? बाजारभावानं काम करणारा, म्हणून कारागीर. पण पूर्ण आकृती आधी कल्पनेत उभी करणारा, म्हणून? आणि गुऱ्हाळाचा तोच धूर दरवर्षी काढणारा पदवीधर, तो मोकळा कसा?

यावर आपली मंडळी लगेच म्हणतात, आमच्या परंपरेत असा भेदच नव्हता, चौसष्ट कला बघा. बघितल्या. कामसूत्रातल्या यादीत 'आलेख्य' आहे, म्हणजे चित्रकला, आणि 'मणिरागाकरज्ञान'ही आहे, म्हणजे रत्नामण्यांना रंग देण्याची आणि त्यांच्या खाणींची माहिती. सुतारकाम आहे, गृहरचना आहे, धातूंचं ज्ञान आहे. सगळं एका पंक्तीला. पण ही यादी आहे कुणासाठी? नागरकासाठी आणि त्याच्या सहवासातल्या स्त्रियांसाठी. ज्याला या गोष्टी आल्या तर शोभतील त्याच्यासाठी. जो रोज भट्टीसमोर भाजतो त्याच्यासाठी ती नाही. यादीत पंक्ती एक होती, गावात पंक्ती वेगळ्या होत्या. कासार बांगड्या भरायला दारात येई, ओसरीपर्यंत येई, लेकीबाळींचा हात हातात घेई, हे खरं. पण त्याला कुणी कलावंत म्हटलं नाही. तेव्हा इंग्रज आले आणि त्यांनी कलेची नि कारागिरीची ताटातूट केली, हे अर्धंच खरं आहे. उलट मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली निघालं तेव्हा देशी कारागिरीला वळण लावणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पुढे १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तिची प्रदर्शनं आली, पदकं आली, आणि त्याच शाळेतून शिकलेले लोक भिंतीवर लावायच्या चित्रांकडे वळले. ते साहजिक होतं. पदक बांगडीला मिळत नव्हतं.

कोल्हापूरची गंमत अशी की ज्यांनी त्याला कलापूर केलं ते या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून होते. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. आडनावातच काम आहे. नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती केल्या, आणि आनंदरावांच्या निधनानंतर, त्यांनी हाती घेतलेला सिनेमाचा ध्यास सोडला नाही; दामल्यांना बरोबर घेऊन सुटे भाग जुळवून कॅमेरा उभा केला. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. या माणसाला कारागीर म्हणाल की कलावंत? त्यांनी स्वतःपुरतं उत्तर 'पेंटर' असं दिलं. त्या काळी पेंटर म्हणजे पाट्या रंगवणाराही. त्या शब्दाची त्यांना लाज वाटली नाही, आणि आज त्यांच्याच गावातल्या पत्रिकांवर आम्ही 'दृश्यकलाकार' हा शब्द वाचतो. असो.

आता ओगलेवाडी. आमच्या पिढीतल्यांना, म्हणजे ज्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे त्यांना, 'प्रभाकर कंदील' हे शब्द सांगावे लागणार नाहीत. शेतावर जागलीला गेलात, कापसाच्या गंजीपाशी, की सोबत तो. घरात संध्याकाळी काच पुसायचं काम पोरांकडे. चुलीतली राख, फडकं, आणि आत हात जाईल इतका ज्याचा हात लहान, तो कामाला. ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. कंदिलाला नाव दिलं ते आपल्या वडिलांचं, प्रभाकरपंतांचं. त्याच्या आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झालेला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून जमवलेला तो फंड, टिळकांचा त्याला पाठिंबा. परदेशात काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला आले. एका पैशाच्या वर्गणीतून लोकांनी काच शिकायची शाळा उभी केली, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही चित्रप्रदर्शनाइतकी थरारक वाटते. तिथून शिकून गेलेल्यांनी पुढे ठिकठिकाणी भट्ट्या पेटवल्या. वार्ष्णेय उत्तर प्रदेशात गेले आणि बहजोईला त्यांनी खिडकीच्या तावदानाची सपाट काच काढली. चित्रावर बसवायची काच ती हीच, सपाट.

कंदील ही वस्तू चित्राकडे बघतो तशी बघा. साचा परदेशी, अमेरिकन कंदिलांसारखा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खाली तेलाची टाकी, त्यावर बर्नर, मध्ये पोटाला फुगीर काच, दोन्ही बाजूंना वर जाणाऱ्या पोकळ नळ्या. त्या नळ्या नुसत्या आधाराला नाहीत. त्यांच्यातून हवा खाली ज्योतीकडे येते. म्हणून वाऱ्यापावसात तो विझत नाही. काच पोटाशी फुगीर, कारण ज्योतीपासून ती सगळीकडे बेतशीर अंतरावर राहिली पाहिजे. एकाच जागी तापली तर तडकेल. वर उचलायला खटका, पोरानंही उचलावा असा. यात एकही रेघ शोभेसाठी नाही, आणि तरी तो अंधारात हलत जाताना बघितला की ती रेघ किती बरोबर आहे ते कळतं. याला सुंदर म्हणायला आम्हाला काडीचा संकोच नाही. त्याला 'कला' म्हणायचं का? तिथे आम्ही जरा थांबतो. कंदील प्रश्न विचारत नाही. रात्र पार पाडतो. चित्रानं प्रश्न विचारावा ही आमची अपेक्षा. कंदिलाकडून ती ठेवली तर तो कंदिलावर अन्याय आहे. उद्या कुणी त्याला पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवून वरून दिवा सोडला, म्हणजे दिव्यावर दिवा, तर आम्ही ते प्रदर्शन बघायला जाऊ, पण खूश होणार नाही.

पण त्याचा करणारा? वाळू, सोडा, चुना यांचं प्रमाण ज्यानं हातानं ओळखलं, चौदाशे-पंधराशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीच्या तोंडापासून ज्यानं नळी फिरवत आणली, आणि केलेली काच एकदम थंड न होऊ देता ज्यानं हळूहळू निववली तो? घाईनं थंड झालेली काच वरून धड दिसते, पण आतून ताणलेली असते. कधीतरी, कारण नसताना, कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. हे ज्ञान पुस्तकात थोडं असतं, हातात फार. आज ओगलेवाडीचा कारखाना बंद आहे. भट्टी विझली की ते हात दुसऱ्या कामाला लागतात, एका पिढीत विद्या संपते. चित्रकार गेला तर चित्र राहतं. काचवाला गेला की राहिलेली काच बघून 'कशी केली असेल' हे ओळखायला दीक्षितांसारखा माणूस यावा लागतो, तोही पाचशे वर्षांनी.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की ज्याच्या दोन्ही हातांत दोन्ही गोष्टी होत्या. औंधचे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी. स्वतः चित्रकार; 'चित्ररामायण' त्यांनी स्वतः रंगवलं. १९३८ साली औंधला श्री भवानी चित्रसंग्रहालय उघडलं, राजवाड्यात नव्हे, टेकडीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला बघता येईल असं. रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत तिथे आहे. आणि याच माणसानं किर्लोस्करांना जागा दिली, ओगल्यांच्या कारखान्याला पाठबळ दिलं. एका छोट्या संस्थानिकाला चित्र आणि कारखाना ही दोन्ही लोकांची गरज वाटली. तरी आमच्या वाचनात त्यांच्यावरचे लेख दोन गठ्ठ्यांत येतात. कलेच्या गठ्ठ्यात संग्रहालय, उद्योगाच्या गठ्ठ्यात ओगले-किर्लोस्कर. दोन्ही गठ्ठे एकत्र सोडून बघण्याचं काम समीक्षेचं होतं. ते झालं नाही. आमच्या विषयात तरी काय वेगळं आहे? स्पिनोझाचं 'नीतिशास्त्र' आम्ही शिकवलं, तो भिंगं घासून पोट भरायचा हे चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात सांगितलं, आणि तिथेच सोडलं.

व्हेनिसकडे परत येऊ. मुरानोला १२९१ साली भट्ट्या हलवल्या. कारण बाहेरून आगीचं भय, आणि आतून, कारागीर एका बेटावर राहिले की गुपित बाहेर जात नाही. त्यांना मान मोठा, पण बेट सोडून जायची मोकळीक नाही. त्याच शहरात १८९५ पासून द्वैवार्षिक कलाप्रदर्शन भरतं, जगातलं सगळ्यात नावाजलेलं. २०१९ मध्ये तिथे भारताचं दालन होतं, महात्मा गांधी हा त्याचा विषय. त्यात जितिश कल्लाटचं 'कव्हरिंग लेटर' होतं. गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेलं पत्र. आणि मंडळी, ते पत्र आपल्या शेजारच्या वर्ध्याहून लिहिलेलं आहे. पत्र हिटलरपर्यंत पोहोचलं नाही. कल्लाटनं ते वाहत्या धुक्याच्या पडद्यावर प्रकाशानं उमटवलं. बघणारा ते वाचतो आणि त्याच्यातून चालत जातो. अक्षरं अंगावर येतात आणि विरतात. आम्ही ते चित्रफितीतच पाहिलं, तेवढ्यावर बोलतो. आमच्या मते हे काम पक्कं आहे, कारण धुकं इथे नखऱ्यासाठी नाही. न पोहोचलेलं पत्र धरता न येणाऱ्या पडद्यावर, हे बरोबर जुळलं आहे. माध्यम आणि म्हणणं यांची अशी गाठ पडली की आम्ही कांट विसरायला तयार असतो.

त्याच व्हेनिसमध्ये २०२२ साली गॅसचे भाव चढले आणि मुरानोच्या कितीतरी भट्ट्या थंड कराव्या लागल्या. भट्टी म्हणजे घरातला दिवा नव्हे, बटण दाबलं आणि गेला. ती रात्रंदिवस तापती ठेवावी लागते. प्रदर्शन त्याही वर्षी भरलं. त्या जागी आपलं कोल्हापूर घाला, कराड घाला, आणि विचारा की आपल्याकडच्या कुठल्या प्रदर्शनावरच्या परीक्षणात शेजारची विझलेली भट्टी आली.

मग आमची मागणी काय? फार नाही. चित्राच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम असतं. बांगडीच्या पाटीवर 'काच, बहमनी काळ' यापुढे कसं केलं एवढं तरी असावं: सांधा आहे की नाही, रंग आत मिसळला की वरून बसवला. परीक्षण लिहिणाऱ्यानं चौकट कुणी केली, कागद कुठला, चित्रापुढची काच कुठली, हे एकदा तरी बघावं. त्या काचेत पलीकडच्या खिडकीचा उजेड पडतो आणि गर्द रंगाच्या चित्रात बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. आपल्याकडच्या निम्म्या प्रदर्शनांत हीच तऱ्हा, आणि चित्राला दोष देऊन लोक घरी जातात! विद्यार्थ्यांना घाट काढायला न्याल तेव्हा एकदा बंद कारखान्यातही न्या. तिथला उजेड काही सोनेरी नसेल. पण तिथे काढलेलं चित्र दिवाणखान्यासाठी म्हणून काढलेलं नसेल.

सांगतात की शाहू महाराज गेल्यावर आबालाल रहिमान यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ती गेली. आणि ज्या बांगड्या बायकांच्या हातांवर फुटल्या, म्हणजे आपल्याकडे फुटल्या म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात, त्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे उकिरड्यात पडून पाच शतकं टिकले. कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉलमध्ये चित्रांकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जा. शक्य तितकं वाकून बघा. काचेत बारीक बुडबुडे दिसतील, गोल नव्हे, लांबट. काच मऊ असताना ज्या बाजूला ओढली त्या बाजूला ते लांबतात. कुठल्या तुकड्यात ते बांगडीच्या गोलाईबरोबर जातात आणि कुठल्यात तिरके, तेवढं बघून या, आणि पुढच्या महिन्यात इथेच आम्हाला सांगा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.